रोख रक्कम: जवळ किती बाळगावी आणि घरात किती ठेवावी?

प्रश्न – कोरीवही

आमच्या घरात आम्ही दोघे कमावते, दोन शाळकरी मुले आणि माझ्या सासूबाई अशी पाच माणसे आहोत. गेल्या काही वर्षांत आमचे जवळजवळ सर्व व्यवहार कार्डाने किंवा मोबाइलवरून होऊ लागले आहेत, त्यामुळे पाकिटात रोख असलीच तर ती कुणीतरी परत केलेल्या सुट्या पैशांची असते. सासूबाईंचे म्हणणे असे की, अडीनडीला हाताशी रोकड नसलेले घर हे घरच नव्हे. यजमानांचे मत याच्या अगदी उलट आहे: घरात पडून राहिलेल्या पैशावर व्याज मिळत नाही, महागाईने त्याची किंमत घटत जाते आणि चोरी झालीच तर तो परत मिळण्याची आशा नसते. दोघांचेही बोलणे ऐकताना पटते आणि त्यामुळे निर्णय मात्र होत नाही.

शोध घेतला तर बहुतेक ठिकाणी कुणीतरी एखादा आकडा सांगून मोकळे होतो. तो आकडा त्याच्या उत्पन्नाला, कुटुंबाला आणि वस्तीला लागू पडत असेलही, पण माझ्या घराला तो कसा लागू करायचा, हे त्यावरून समजत नाही. म्हणून मला आकडा नको असून तो काढण्याची रीत हवी आहे. खिशात किती असावी, घरात किती असावी, कोणत्या नोटांत असावी आणि ती ठेवायची कशी, याचा विचार ज्यांनी नीट केला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. सोन्यात किंवा अन्य गुंतवणुकीत पैसे ठेवण्याविषयी हा प्रश्न नाही.

उत्तर – जमाखर्च

तुमच्या घरातील वाद मिटत नाही याचे कारण दोघे वेगवेगळ्या पैशांविषयी बोलत आहेत. सासूबाईंच्या मनात खोळंब्याच्या काळातील खर्च आहे, तर यजमानांच्या मनात बचत आहे. बचत घरात ठेवू नये, याबद्दल मतभेदाला जागाच नाही. प्रश्न उरतो तो खिशातील रोख आणि खोळंब्यासाठीची रोख यांचा, आणि या दोन रकमा दोन निराळ्या हिशेबांनी काढाव्या लागतात.

खिशातील रकमेचा हिशेब सोपा आहे. मोबाइल बंद पडला, कार्ड चालले नाही आणि ओळखीचे कुणी जवळ नसले, तरी घरी परत येता आले पाहिजे आणि वाटेत एखादा अनपेक्षित खर्च, म्हणजे एखादे औषध किंवा वाहनाची किरकोळ दुरुस्ती, भागवता आला पाहिजे. ही झाली खालची मर्यादा. वरची मर्यादा अशी की, पाकीट हरवले तर चुटपूट लागावी, पण महिन्याचे गणित कोलमडू नये. या दोन मर्यादांच्या मधली कोणतीही रक्कम चालेल. तिथे फार काथ्याकूट करण्यात अर्थ नाही.

एका वेळी बँकेतून किती रोख काढावी, याला मात्र अर्थशास्त्रात एक जुने आणि देखणे उत्तर आहे. विल्यम बॉमोल यांनी १९५२ मध्ये आणि जेम्स टोबिन यांनी १९५६ मध्ये असे दाखवले की, प्रत्येक वेळी पैसे काढायला जाण्याचा त्रास एका बाजूला आणि हाती ठेवलेल्या पैशावर बुडणारे व्याज दुसऱ्या बाजूला, असा तोल साधला तर काढण्याची योग्य रक्कम रोख खर्चाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. याचा आपल्या दृष्टीने अर्थ असा की, मोबाइलमुळे तुमचा रोखीचा खर्च चौथ्या हिश्श्यावर आला असेल, तर जवळ बाळगण्याची रक्कम चौथ्या हिश्श्यावर न येता साधारण निम्म्यावर यायला हवी. बहुतेक लोक ती थेट शून्यावर आणतात. सूत्र नेमके वापरावे असे मी म्हणत नाही, कारण पैसे काढण्याच्या त्रासाला किंमत लावणे कठीण आहे. पण दिशा योग्य आहे.

आता घरातील रोख. येथे मासिक खर्चापासून सुरुवात करू नये. घरभाडे, कर्जाचे हप्ते, विम्याचे आणि शाळेचे पैसे हे सर्व खात्यातून जातात आणि यंत्रणा बंद असेल तर समोरचाही काही दिवस थांबतो. खोळंब्याच्या दिवसांत खरोखर रोखीने घ्यावे लागते ते अन्न, पाणी, औषधे, इंधन आणि प्रवास. पाच माणसांचा या पाच बाबींचा एका दिवसाचा खर्च काढावा आणि त्याला दिवसांनी गुणावे. पहिला आकडा बहुतेकांना वाटतो त्यापेक्षा पुष्कळच लहान निघतो.

दिवस किती धरायचे, हे ठरवायला घडलेल्या घटनांकडे पाहणे उपयोगी पडते. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगाल या देशांत वीज गेली, तेव्हा कार्डयंत्रे बंद पडली आणि जवळ रोख नसलेल्या लोकांची साध्या खरेदीसाठीही पंचाईत झाली. पण बहुतेक भागांत वीज दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत परत आली होती. ८ जुलै २०२२ रोजी कॅनडातील एका मोठ्या दूरसंचार जाळ्यात बिघाड झाला आणि देशभरातील डेबिट कार्डांचे व्यवहार ठप्प झाले. तोही खोळंबा मुख्यतः दिवसभराचाच होता. याउलट सायप्रसमध्ये मार्च २०१३ मध्ये बँका जवळपास दोन आठवडे बंद होत्या आणि उघडल्यावरही दिवसाला ३०० युरोंपेक्षा जास्त रक्कम काढता येत नव्हती. ग्रीसमध्ये २०१५ च्या उन्हाळ्यात बँका सुमारे तीन आठवडे बंद राहिल्या आणि यंत्रातून दिवसाला जास्तीत जास्त ६० युरो मिळत होते. सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया वादळानंतर प्वेर्तो रिकोमध्ये वीज आणि दूरध्वनी यांच्या अभावी कित्येक आठवडे रोखीशिवाय व्यवहार होणे अवघड झाले होते.

म्हणजे तांत्रिक बिघाड तासांत किंवा एक-दोन दिवसांत आवरतो, बँकांचे संकट आठवड्यांवर जाते आणि निसर्गाचा तडाखा कधीकधी महिन्यांवर. शेवटच्या दोन्ही प्रकारांसाठी पूर्ण रोकड घरात साठवणे परवडणारे नसते आणि शहाणपणाचेही नसते. नेदरलँड्सच्या मध्यवर्ती बँकेने मे २०२५ मध्ये ७२ तासांचा हिशेब धरून प्रौढ माणशी ७० युरो आणि मुलामागे ३० युरो घरी ठेवण्याची शिफारस केली. स्वीडनमध्ये २०२४ मध्ये घरोघरी पाठवलेल्या नागरी संरक्षणाच्या पुस्तिकेत किमान आठवडाभर पुरेल इतकी रोख ठेवण्यास सांगितले आहे. विशेष म्हणजे हे दोन्ही देश रोखीचा वापर सर्वांत कमी असलेल्या देशांत मोडतात. माझ्या मते तीन ते सात दिवस ही योग्य मर्यादा होय. वादळ, पूर किंवा बर्फामुळे वाट बंद होणाऱ्या प्रदेशात राहत असाल, किंवा घरात नियमित औषधोपचार चालू असलेले कुणी असेल, तर सातच्या बाजूला झुकावे. अन्यथा तीन पुरेत.

उत्तर – निरीक्षक

जमाखर्च यांच्या रकमेच्या हिशेबाशी मी सहमत आहे, परंतु रकमेइतकेच महत्त्व नोटांच्या मूल्यांना आहे, असे माझे मत आहे आणि याकडे जवळजवळ प्रत्येक जण दुर्लक्ष करतो.

ग्रीसचे उदाहरण वर आलेच आहे. तिथे मर्यादा ६० युरोंची होती, पण २० च्या नोटा संपू लागल्यावर अनेक यंत्रांतून केवळ ५० ची नोट मिळू लागली आणि मर्यादा प्रत्यक्षात ५० वर आली. खोळंब्याच्या दिवशी दुकानदाराची अडचणही लक्षात घ्यावी. त्या दिवशी प्रत्येक गिऱ्हाईक बँकेतून आणलेली मोठी नोट घेऊन येते आणि सुटे कुणाकडेच नसतात. अशा वेळी मोठी नोट असलेल्या माणसाला एक तर माल नाकारला जातो किंवा उरलेल्या पैशांवर पाणी सोडावे लागते. म्हणून घरातील रोकडीचा किमान अर्धा भाग तरी अशा नोटांत असावा की, ज्यांनी एका वेळची लहानशी खरेदी सुटे न मागता करता येईल, आणि थोडी नाणीही असावीत. यंत्र सहसा मोठ्याच नोटा देते, त्यामुळे हा साठा एकदम होत नाही. तो येता-जाता बाजूला काढत जमवावा लागतो किंवा बँकेच्या खिडकीवर जाऊन मागून घ्यावा लागतो.

इथे एक पेच आहे. प्रिया रघुबीर आणि जॉयदीप श्रीवास्तव यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे आढळले की, तेवढीच रक्कम एका मोठ्या नोटेच्या रूपात असेल तर माणूस ती खर्च करायला कचरतो आणि सुट्या पैशांत असेल तर ती सहज खर्च करतो. म्हणजे संकटात उपयोगी पडणाऱ्या लहान नोटाच एरवी सर्वांत लवकर संपतात. यावर उपाय म्हणून दोन्ही ठिकाणी उलटी मांडणी ठेवावी. पाकिटात रोजच्या गरजेपुरते सुटे आणि मोडायचा कंटाळा येईल अशी एखादी मोठी नोट असावी. घरातील राखीव पाकिटात मात्र लहान नोटाच जास्त असाव्यात आणि ते पाकीट चिकटवून बंद केलेले असावे, म्हणजे घाईगडबडीत त्यातून काढताना हात निदान क्षणभर तरी थबकेल.

याच्याशी लागून असलेला एक मुद्दा. रोख बाळगल्याने खर्चाला आळा बसतो, असे अनेक जण सांगतात आणि त्यात तथ्यही आहे. ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लिलावाच्या प्रयोगात, कार्डाने पैसे द्यायचे आहेत असे सांगितलेल्या लोकांनी त्याच वस्तूसाठी रोख देणाऱ्यांपेक्षा बरीच जास्त बोली लावली होती. परंतु खर्चावर नियंत्रण हा तुमचा प्रश्नच नाही. त्यासाठी पाकीट फुगवू नये.

राहता राहिला ठेवण्याचा प्रश्न. हल्ली अनेक लोक मोबाइलच्या मागच्या आवरणात एक घडी घातलेली नोट ठेवतात आणि निर्धास्त होतात. मोबाइल हरवणे किंवा चोरीला जाणे याच प्रसंगी त्या नोटेची गरज सर्वांत जास्त असते आणि नेमकी त्याच वेळी ती मोबाइलबरोबर गेलेली असते. राखीव नोट मोबाइल आणि पाकीट या दोहोंपासून दूर, पिशवीच्या आतल्या कप्प्यात किंवा वाहनाच्या कागदपत्रांत ठेवावी.

उत्तर – उंबरठा

वरील दोन्ही उत्तरे संतुलित आहेत, तरीही मी यजमानांची बाजू थोडी अधिक जोराने मांडू इच्छितो, कारण घरात रोकड ठेवण्याची सवय लागली की ती तीन दिवसांच्या खर्चावर थांबत नाही.

प्रथम व्याज आणि महागाई. हा आक्षेप छोट्या रकमेला लागू पडत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर पैशाची खरेदीशक्ती निम्मी व्हायला साधारण १२ वर्षे लागतात. आठवड्याच्या खर्चाइतक्या रकमेवर वर्षभरात होणारे नुकसान हे एका दिवसाच्या खर्चाच्या निम्म्याहूनही कमी भरते, आणि सुरक्षिततेसाठी ते द्यायला हरकत नाही. पण हीच रक्कम सहा महिन्यांच्या खर्चाइतकी असेल, तर दरवर्षी दहा-अकरा दिवसांचा खर्च उगीच विरून जातो.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे: नोट स्वतःच निकामी होऊ शकते. सोव्हिएत संघाने जानेवारी १९९१ मध्ये ५० आणि १०० रुबलच्या नोटा बाद केल्या आणि त्या बदलून घ्यायला लोकांना जेमतेम तीन दिवस दिले. भारतात ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० आणि १००० रुपयांच्या नोटा चलनातून गेल्या. मूल्याच्या हिशेबाने चलनातील सुमारे ८६ टक्के रोकड त्याच नोटांची होती. ब्रिटनमध्ये कागदी २० आणि ५० पौंडांच्या नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर दुकानांतील देवघेवीसाठी वैध राहिल्या नाहीत. तिथे पूर्वसूचना भरपूर होती आणि मध्यवर्ती बँक अजूनही त्या बदलून देते, पण कपाटात वर्षानुवर्षे विसरलेल्या पाकिटाला पूर्वसूचनेचा काय उपयोग? मोठ्या मूल्याच्या नोटा आधी बाद होतात, हे पहिल्या दोन उदाहरणांत स्पष्ट दिसते. निरीक्षक यांच्या लहान नोटांच्या आग्रहाला हे आणखी एक कारण आहे. घरातील रोकड सहा महिन्यांतून एकदा रोजच्या खर्चात वापरून टाकावी आणि तिच्या जागी नव्याने काढलेल्या नोटा ठेवाव्यात, म्हणजे हा धोका जवळजवळ नाहीसा होतो.

तिसरा धोका चोरीचा आणि आगीचा. घराचा विमा असला तरी रोख रकमेसाठी त्यात अनेकदा अगदी लहान मर्यादा असते किंवा ती सरळ वगळलेली असते. आपल्या विमापत्रातील हे कलम एकदा वाचावे. झोपण्याच्या खोलीतील कपाट, उशीखालची किंवा गादीखालची जागा आणि दागिन्यांचा डबा ही चोराची पहिली ठिकाणे होत. दागिने आणि रोकड एकत्र ठेवणे म्हणजे त्याचे काम एकाच ठिकाणी उरकून देणे. छोटी अग्निरोधक पेटी घ्यायची असेल तर ती कागदपत्रांसाठी प्रमाणित आहे ना, हे पाहावे. अशा पेटीच्या आतील तापमान ठरावीक काळ १७७ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ नये, अशी चाचणी असते. प्लास्टिकच्या नोटा चलनात असलेल्या देशांत मात्र त्याच्या आतल्या उष्णतेनेही नोटा आकसू शकतात. पेटी भिंतीला किंवा जमिनीला पक्की केलेली नसेल, तर चोर ती पेटीसकट उचलून नेतो. दमट हवेत नोटांना बुरशी लागते, म्हणून त्या हवाबंद पिशवीत ठेवाव्यात. रबर बँड आणि टाचण्या लावू नयेत.

चौथी गोष्ट कायद्याची, आणि ती थोडक्यात सांगतो. मोठ्या रोख व्यवहारांवर अनेक देशांत मर्यादा आहेत आणि मोठी रोकड सापडल्यास तिचा स्रोत विचारला जातो. तीन ते सात दिवसांच्या खर्चाला यातले सहसा काहीच लागू होत नाही. त्याहून अधिक ठेवणाऱ्याने बँकेतून पैसे काढल्याची नोंद जपून ठेवावी.

शेवटी एक विनंती: इथे कुणीही स्वतःच्या घरातील रक्कम किंवा ठेवण्याची जागा लिहू नये. प्रश्नकर्त्यांनी आकडा मागितला नाही, हे फार बरे केले.

प्रतिसाद – कोरीवही

तिन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. पाच बाबींचा दिवसाचा खर्च आज काढून पाहिला आणि यजमानांनाही तो मान्य आहे. पाच दिवसांच्या हिशेबावर आमचे एकमत झाले. पण त्यातून एक नवीच अडचण पुढे आली आहे. सासूबाईंकडे त्यांची स्वतःची वेगळी रोकड आहे आणि ती किती व कुठे आहे, हे त्या सांगत नाहीत. त्यांचे वय लक्षात घेता ही माहिती कुणाकडे तरी असावी, असे आम्हाला वाटते. पण विचारले की त्या दुखावतात. शिवाय मुलांकडे काही पैसे द्यावेत का, हेही ठरत नाही. मोठा आता एकटा शिकवणीला जातो.

उत्तर – जमाखर्च

सासूबाईंची रोकड घराच्या हिशेबात धरू नका आणि ती मागूही नका. वडीलधाऱ्या माणसांसाठी, विशेषतः ज्यांचे स्वतःचे उत्पन्न फारसे नव्हते किंवा जे मोबाइलवरून व्यवहार करत नाहीत त्यांच्यासाठी, ही रोकड म्हणजे दुसऱ्यापुढे हात न पसरण्याची सोय असते. नातवाच्या हातावर काही ठेवायचे, कुणाला मदत करायची, स्वतःसाठी काही घ्यायचे, यासाठी मुलाकडे किंवा सुनेकडे मागावे लागू नये, एवढीच त्यामागची भावना असते. ती रास्त आहे.

माहितीचा प्रश्न रक्कम न विचारताही सुटू शकतो. त्यांनी जागा एका चिठ्ठीवर लिहून ती बंद पाकिटात, त्यांच्या विश्वासातील कुणाही एका व्यक्तीकडे द्यावी, असे सुचवून पाहा. ती व्यक्ती तुम्ही दोघेच असली पाहिजे, असा आग्रह धरू नका. कित्येकदा मुलीकडे किंवा बहिणीकडे ही गोष्ट आधीच सांगितलेली असते. नोटा जुन्या असतील ही भीती मात्र खरी आहे, आणि उंबरठा यांनी लिहिलेली नोटा बदलण्याची पद्धत इथे उपयोगी पडेल: सहा महिन्यांनी घरातील पाकीट बदलताना, 'तुमच्याही बदलून आणू का?' असे सहज विचारावे. त्या 'नको' म्हणाल्या तर विषय तिथेच थांबवावा आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारावे.

उत्तर – निरीक्षक

मुलाविषयी: शिकवणीहून घरी परत येण्याच्या भाड्याच्या दुप्पट रक्कम, सुट्या नोटांत, दप्तराच्या आतल्या कप्प्यात द्यावी आणि ती खाऊसाठी नाही, हे त्याला स्पष्ट सांगावे. तरीही तो कधीतरी ती खाऊवर उडवेल. तेव्हा रागावण्यापेक्षा त्याच दिवशी ती पुन्हा भरणे महत्त्वाचे आहे, नाहीतर तो पैसे संपल्याचे लपवू लागेल आणि गरजेच्या दिवशी कप्पा रिकामा निघेल. पैशांबरोबर आई-वडिलांचे दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागदही ठेवावा, कारण हल्लीच्या मुलांना ते पाठ नसतात आणि मोबाइल बंद असेल तर ते शोधायला जागाच उरत नाही.

घरातील पाकिटाबाबतही एक नियम आत्ताच ठरवून घ्या. त्यातून कुणी, कधी आणि किती घेतले, याची नोंद पाकिटावरच लिहावी, आणि ज्याने घेतले त्यानेच आठवड्याच्या आत भरावे. पाच माणसांच्या घरात 'कुणीतरी भरेल' यावर सोडलेले पाकीट महिनाभरात रिकामे होते.